एका दिवसाचं औरंगाबाद

जिंतूर,
रविवार, २१ नोव्हेंबर १९९३

आदरणीय तात्यारावभाऊ,
सविनय जयभीम.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की रंगूदादाचं जुलै अठ्ठ्याहत्तरचं पत्र आम्हाला उशिरा मिळालं, म्हणून आई औरंगाबादला येऊ शकली नाही. ते बरोबर नाही. पत्र पाकिटासकट आईच्या पत्र्याच्या डबीत आहे. काल शाळेतून आल्यावर मी पाकीट उजेडात धरून पाहिलं. त्यावर पोचल्याचा शिक्का १५ जुलैचा आहे. दादानं आईला २३ तारखेला बोलावलं होतं. म्हणजे मधे आठ दिवस होते. पोस्टाकडे काही दोष जात नाही. तुमच्यासारख्या माणसाला ओळखीच्या पहिल्याच पत्रात चुकीचं लिहिलं गेलं, याची मला लाज वाटते.

मग आई का आली नाही, ते मला आठवत नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, तिसरीत.

तुम्ही उलट टपाली उत्तर दिलंत आणि ते पत्र तुमच्याच अक्षरातलं आहे हेही कबूल केलंत. दादाला लिहिता येत नव्हतं. आमच्या घरात आधी कुणालाच येत नव्हतं; शाळेत बसलेली मी पहिली. तेव्हा दादा सांगायचा, तुम्ही लिहायचात आणि इकडे मी वाचायची, एवढीच आमची टपालाची सोय. तुमचं अक्षर मी हजार वेळा वाचलं असेल. आई अजून महिन्या-दोन महिन्यांनी डबी काढते आणि म्हणते, "वाच बरं, माझ्या रंगूचा कागद."

त्यात दादानं एका दिवसात आईला काय काय दाखवायचं ते सांगितलं आहे. मी ते उतरवून पाठवते, म्हणजे आता त्यातलं काय शिल्लक आहे ते तुम्ही कळवू शकाल:

"स्टेशनावरून टांगा करू. आधी भडकल दरवाजा, लय उंच हाय, मान मोडंल. मग पाणचक्की. आई, तिथं पाण्यावर फिरणारं जातं हाय. बाईचा हात न लागता पीठ पडायचं म्हणं. तू जन्मभर दळलंस, ते एकदा बघच. मग मकाई दरवाजा, तिथं आम्ही चुन्याचं काम केलं. आतल्या अंगाला डाव्या हाताला, तुझ्या कंबरेइतक्या उंचीवर, ओल्या चुन्यात तुझ्या मनगटावरचं गोंदण काढून ठेवलंय. मुकादमाला ठाऊक न्हाई. हात लावून बघ. मग बिबीचा मकबरा. लोक संगमरवर संगमरवर करतात, पण वरचा लय भाग चुन्याचाच हाय, ते गवंड्याच्या माणसाला कळतं. एका लेकानं आईसाठी बांधलाय म्हणतात. मेल्यावर बांधून काय उपेग, मी जितेपणीच दाखवतो. शेवटी विद्यापीठ. नाव लागंल तवा लागंल, आपण जागा तरी बघून ठेवू. वर डोंगरात बुद्धाची लेणी हायेत, पण पायऱ्या लय, तुझे गुडघे दुखतील, ती खालूनच दाखवीन."

माझी जूनपासून इथल्या शाळेत नेमणूक झाली. आईला मी जवळ आणलं आहे. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे, दुसऱ्यात सुरू झाला आहे. ती म्हणते, "दिसतंय तवर रंगूची ठिकाणं दाव." म्हणून तुम्हाला त्रास देते.

आपली नम्र,
विशाखा लिंबाजी वाव्हळे

०

औरंगाबाद,
२ डिसेंबर १९९३

चि. विशाखा,
सप्रेम जयभीम.

शिक्क्याची तारीख तपासून चूक कळवणारी माणसं आमच्या कचेरीत असती, तर निम्म्या फायली निकाली निघाल्या असत्या. लाज वाटून घेऊ नको. नऊ वर्षांच्या पोरीला काय आठवणार! खुरपणीचे दिवस होते, मावशींना मजुरी सोडून येता आलं नसेल, असंच मी इतकी वर्षं समजत आलो.

ते पत्र लिहिलं तो दिवस मला चांगला आठवतो. मी चुडाव्याहून कॉलेजला आलेला, बेगमपुऱ्यात एका खोलीत राहायचो. रंगनाथ जवळच कामावर होता आणि पडवीत निजायचा. हातापायांना चुना, नखात चुना. पत्र लिहायचं म्हणून हात धुऊन आला आणि माझ्यासमोर बसला, जसा काही तोच लिहिणार आहे.

मी म्हटलं, "सांग."

"सांगतो की. तू आधी कागद सरळ धर, पंडित."

मग एकेक ठिकाण सांगायला लागला. मी म्हटलं, भडकल दरवाजा कुणी बांधला, कधी बांधला, ते लिहू का? तर म्हणतो, "माझ्या आईला त्याचं काय करायचंय? किती गाड्या दगड लागला असंल तेवढं लिही." मी हसलो. दगड किती लागला ते पुस्तकात नव्हतं, म्हणून "लय उंच" एवढ्यावर भागवलं.

आता न विचारलेलं लिहितो, कारण हे कधीतरी कुणालातरी सांगायचं होतं. २३ जुलैच्या रविवारी तो पहाटेच स्टेशनवर गेला. अंगात माझा सदरा. पहिली गाडी आली, मावशी नाहीत. चुकली असेल म्हणून दुसरीला थांबला. टांगेवाला ठरवून ठेवला होता, तो दुपारी शिव्या देऊन गेला. दिवे लागायच्या वेळी खोलीवर आला, सदरा काढला, घडी घालून मला परत दिला. "माय आली न्हाई रे." बस, एवढंच.

चार दिवसांनी, गुरुवारी, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. शुक्रवारी खेड्यापाड्यांतून जाळपोळीच्या बातम्या यायला लागल्या. मी म्हटलं, आता निघू नको. तो म्हणाला, "आई रविवारी आली न्हाई. काहीतरी झालंय. जाऊन बघून येतो." शनिवारी निघाला. पुढचं तुम्हाला माहीत आहे, मला नंतर कळलं.

सप्टेंबरात मी तुमच्या वस्तीवर आलो होतो. तुला आठवत नसेल. जळक्या भिंतीवर पत्रे टाकले होते. मावशी दारात बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी पाण्याचंही विचारलं नाही. पाणी न विचारण्याचा अर्थ आपल्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. मी तसाच उठलो. दुःखात माणूस असंच वागतं, असं स्वतःला सांगत झरी गावापर्यंत चालत आलो. तरी ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. म्हणून विचारतो: आता मावशींना मी समोर आलेला चालेल का? नाहीतर मी रस्ता कागदावर काढून पाठवतो, तुम्ही दोघी जाऊन या.

ठिकाणं सगळी जागेवर आहेत. टांगे गेले, रिक्षा आल्या.

तुझा,
तात्याराव खिल्लारे

०

जिंतूर,
रविवार, १२ डिसेंबर १९९३

आदरणीय तात्यारावभाऊ,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. तुमचं पत्र आलं आहे, हेही सांगितलं नाही. त्याचं कारण सांगायचं तर मागच्या पत्रातली आणखी एक ओळ मला खोडावी लागेल. "आठवत नाही" असं मी लिहिलं. मला आठवतं.

पत्र आलं तेव्हा दुपार होती. शेजारच्या सरजाबाई आल्या होत्या. आईनं मला उंबऱ्यावर बसवलं आणि म्हणाली, "वाच. हळू वाच, समदं वाच." मी दरवाजे, जातं, मकबरा सगळं वाचलं. आई गोंदणावरून हात फिरवत होती. सरजाबाई आईला म्हणाल्या, "चतुरे, तुझा हात भिंतीवर गेला की गं! आमचा तर चुलीपुढंच ऱ्हायला." आम्ही तिघी हसलो. मग शेवटचा परिच्छेद आला. तो तुम्हाला पाठ असेल, तरी लिहिते:

"२३ जुलैला रविवारी सकाळच्या गाडीनं ये. मी स्टेशनावर उभा हाय. विशीला आणू नको. तिला सरजाबाईपाशी ठेव. लहान पोर चालायला कुरकुर करंल आणि दिवस वाया जाईल."

मी ते मनात वाचलं. मला ते ठिकठिकाणचं वाचतानाच मी आईचं बोट धरून चाललेली दिसत होते. आणि दादानं लिहिलं होतं, तिला आणू नको. माझा दादा, जो मला खांद्यावर बसवून बाजाराला न्यायचा. मला रडू आलं. रडले असते तर आईनं विचारलं असतं. म्हणून मी ती ओळ वाचलीच नाही. कागदावर बोट फिरवत म्हणाले, "सुगी झाल्यावर ये, असं लिहिलंय."

आई म्हणाली, "खरंय त्याचं. आता खुरपण सोडून कसं जावं." आणि पत्र पाकिटात घालून कमरेला खोचलं.

म्हणजे खुरपणीनं तिला अडवलं नाही. मी अडवलं. वाटलं होतं सुगीपर्यंत मोठी होईन, मग दादा "विशीला पण आण" म्हणेल.

२९ जुलैचा शनिवार तुम्हाला ऐकून माहीत असेल. वस्तीच्या वरच्या टोकाकडून आरडाओरडा आला तशी आई मला घेऊन ओढ्यात उतरली. आम्ही पाण्याच्या कडेला बसून होतो. दादा संध्याकाळी पोचला. घर पेटलेलं. कुणी सांगितलं नाही की आम्ही ओढ्यात आहोत, सांगायला कुणी नव्हतंच. तो आम्हाला हाका मारत आत शिरला. हाका आम्हाला ऐकू आल्या. आई उठून धावेपर्यंत माळवद खाली आलं होतं. तिसऱ्या दिवशी परभणीच्या दवाखान्यात वारला. पत्र आईच्या कमरेला होतं म्हणून राहिलं.

गेली पंधरा वर्षं आई एकच प्रश्न विचारते. "सुगीनंतर ये म्हणला व्हता. मग आखाडात कशापायी आला?"

आणि उत्तरही तीच देते. ते तुम्हाला लिहिणं अवघड आहे, पण अर्धंच सांगायची सवय मला आता मोडायची आहे. ती म्हणते, "त्या शिकणाऱ्या पोरानं धाडला असंल. त्यान्लाच लय व्हती नामांतराची हौस. सवता ऱ्हायलं शहरात, माझ्या लेकराला गावात धाडलं." म्हणून तुम्हाला पाणी विचारलं नाही. तुम्ही आलात तेव्हा मी दाराआड उभी होते. घागर माझ्या हातालगत होती. मला सगळं माहीत होतं, आणि मी घागरीला हात लावला नाही.

दर वेळी आई डबी काढते तेव्हा मी तेच वाचते, "सुगी झाल्यावर ये." आता ते मला कागदावर लिहिल्यासारखं दिसतं. शाळेत मुलं वाचताना ओळ गाळतात, तेव्हा मी त्यांना परत मागे नेते.

तुम्ही याला उत्तर दिलं नाहीत तरी मी समजून घेईन.

विशाखा

०

औरंगाबाद,
२ जानेवारी १९९४

चि. विशाखा,

उत्तराला तीन आठवडे लागले. तुझ्यावर राग धरला म्हणून नव्हे. चार वेळा लिहायला बसलो आणि चार कागद फाडले.

"विशीला आणू नको" ही ओळ रंगनाथची नाही. ती माझी आहे.

त्यानं सांगितलं होतं, "दोघीबी या." एवढेच शब्द. शिवाय, "विशीला मकबऱ्यापुढं उभी करून बघायचीय, केवढीशी दिसती ते." मी म्हटलं, अरे, एका दिवसात एवढी ठिकाणं, त्यात लहान पोर, कशी होणार? तो म्हणाला, "खांद्यावर घेईन की. विटा घेतो तशी." मला ते पटलं नाही. ती यादी सुचवण्यात माझाही हात होता. मला तो दिवस ठरल्याप्रमाणे पार पडायला हवा होता. पाच ठिकाणं म्हणजे पाच. वीस वर्षांचा होतो, चार बुकं जास्त शिकलो म्हणजे त्याच्या आईचं नि बहिणीचं मलाच जास्त कळतं असं वाटायचं. मी माझी ओळ घातली, त्याच्या बोलीत घातली, म्हणजे कुणाला ओळखू येऊ नये.

मग तो म्हणाला, "आता वाचून दाखव." मी वाचून दाखवलं. ती ओळ गाळून, "दोघीबी या" असं वाचलं. तो खूश झाला. स्टेशनावर तो तुमची, दोघींची वाट बघत होता. तुझ्यासाठी कागदात गुंडाळून रेवड्या नेल्या होत्या. त्या रात्री मलाच दिल्या. मी खाल्ल्या.

तेव्हा तू जी ओळ गाळलीस ती गाळायलाच हवी होती. ती तुझ्या भावाची नव्हती. नऊ वर्षांच्या पोरीला जे रडू आलं ते माझ्यामुळे आलं, आणि पुढचं सगळं त्यातून.

मावशींचं म्हणणं मला पंधरा वर्षांनी कळलं, आणि गंमत बघ, ते जवळजवळ बरोबरच निघालं. शिकणाऱ्या पोरानंच धाडला. माझं ऐकशील तर त्यांना काही सांगू नको. म्हातारपणी त्यांच्याकडे एक लेक उरली आहे, तीही त्यांच्या हातून काढून घेऊ नको. दोष माझ्या नावावर आहे तो तिथेच राहू दे. पाणी न मिळण्याची मला आता सवय आहे.

मागच्या रविवारी मी मकाई दरवाज्याला गेलो. आतल्या भिंतीवर सिनेमाच्या आणि निवडणुकीच्या जाहिराती थरावर थर चिकटवलेल्या होत्या. घरून बादली नेली, फडकं भिजवून भिजवून सकाळभर ते कागद सोडवले. एक म्हातारे गृहस्थ रस्त्यातच थांबले, म्हणाले, "क्या ढूंढ रहे मियाँ, ख़ज़ाना?" मी म्हटलं, "एका बाईचा हात." ते माझ्याकडे बघत निघून गेले.

गोंदणाच्या पाच टिंबांपैकी तीन आहेत. मधलं आणि वरची दोन. खालचा चुना गळून गेला आहे. पण बोटाला लागतात.

तुमचा,
तात्याराव

०

जिंतूर,
रविवार, १६ जानेवारी १९९४

आदरणीय तात्यारावभाऊ,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र वाचून मी तीन दिवस तुमच्यावर रागावले होते. मग माझ्या लक्षात आलं की राग आल्यामुळे मला बरं वाटतं आहे. बरं वाटतं म्हणून धरलेला राग खरा नसतो, म्हणून तो सोडला. तुम्ही ओळ घातलीत हे खरं. मी ती वाचली नाही हेही खरं. आणि आईपुढे पंधरा वर्षं जी ओळ वाचली, ती कुणीच लिहिलेली नव्हती, ती माझी एकटीची. एकाचं चुकणं दुसऱ्याच्या चुकण्यातून वजा होत नाही, हे मी मुलांना शिकवत नसले तरी मला कळतं.

परवा शुक्रवारी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. इथं वस्तीत पेढे वाटले. मीही वाटले. आईनं पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. म्हणाली, "लागलं का? मंग आता रंगूची पाचवी जागा बी झाली म्हणायची." थोड्या वेळानं, "त्या दिवशी तो आखाडात आला नसता तर आज छत्तीस वर्साचा असता." पेढा तिच्या मुठीत चुरला. मी तिथून उठून बाहेर गेले.

तुम्ही सांगू नको म्हणता. मी त्यावर पुष्कळ विचार केला. मी सांगितलं नाही तर आई तुम्हाला दोष देत मरेल, हे एक. पण दुसरं मला जास्त छळतं. दादा "दोघीबी या" म्हणाला होता, हे आईला कधीच कळणार नाही. माझ्यासाठी रेवड्या घेऊन तो उभा होता, हे जगात तुम्ही आणि मी दोघांनाच माहीत राहील. ते त्याचं आहे. ते मला दाबून ठेवता येणार नाही.

म्हणून असं ठरवलं आहे. जिंतूरहून पहाटेच्या पहिल्या एसटीनं आम्ही निघू. बसस्थानकावर उतरून रिक्षानं आधी रेल्वे स्टेशनला जाऊ. रस्त्यानं ते उलट पडतं, मला माहीत आहे. पण दादाचा दिवस तिथून सुरू होणार होता. आईला एखाद्या बाकावर बसवीन आणि पत्र वाचीन. समदं. शेवटचा परिच्छेद आहे तसा, मग "दोघीबी या", मग मी तेव्हा काय वाचलं ते. तुमची ओळ तुमची म्हणून सांगीन, माझी माझी म्हणून. आई काय करेल ते मला माहीत नाही. रात्री तिच्या शेजारी निजताना रोज वाटतं, ही शेवटची रात्र असेल जेव्हा ती झोपेत माझ्या अंगावर हात टाकते.

तुम्ही स्टेशनवर येऊ नका. दुपारी बारापासून मकाई दरवाज्याच्या आतल्या अंगाला थांबा. आम्ही दोघी आलो तर बरं. आई एकटी आली, तर तिचा डावा डोळा अगदीच अधू आहे, तिच्या डाव्या बाजूनं चाला. मनगट धरून भिंतीपर्यंत न्या आणि तिचं बोट टिंबांवर ठेवा. पाणचक्की आणि मकबरा तिला दाखवा. मी स्टेशनवरच बसून राहीन, माझी काळजी करू नका.

सोबत पाण्याचा तांब्या आणू नका. पाणी आम्ही घरून आणतो आहोत. जो कुणी येईल, तो तुम्हाला आधी पाणी देईल. आईनं दिलं नाही तर मी देईन, आणि मी नसेन तर पिशवीत वर ठेवलेलं असेल, काढून घ्या.

हे पत्र उद्या पहिल्या टपालात टाकते, म्हणजे तुम्हाला गुरुवारपर्यंत मिळेल. कॅलेंडरात दोनदा पाहून वार आणि तारीख लिहिते, यात चूक नाही: रविवार, २३ जानेवारी १९९४.

विशाखा